आईनं शिवलेला अंधार

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना काळा पडदा आहे. काळा म्हणायचं ते आपलं सवयीनं. उन्हानं विटून विटून माझा रंग आता म्हाताऱ्या छत्रीसारखा झालाय. अंगाला ओल्या मातीचा वास येतो, आणि खालच्या कडेवर दोन ठिकाणी उंदरांनी हात मारलाय. तुमच्या घरी असतो तर एव्हाना माझी पायपुसणी झाली असती. खरं सांगू? तेही बरं झालं असतं. पायपुसण्याला निदान काही ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही. एवढंच माझं दुःख आहे, पण ते पुरेसं आहे.

मी ज्या कापडाचा झालो ते कापड आधी एका फोटोवाल्याकडे होतं. त्याच्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर ते टांगलेलं असे. त्याचं दुकान बंद झालं तेव्हा ते आईनं आणलं. आई म्हणजे माझी आई. तिनं मला शिवलं म्हणून मी तिला आई म्हणतो. एरवी लोकांच्या लेखी ती माळ्याची बायको. आणि तो माळी म्हणजे बाबा. त्यांच्या घराला लागूनच मागे एक अरुंद काचघर आहे. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला सगळी काच, आणि काचेपलीकडे गल्ली. त्या काचघरात बाबा शेवंती वाढवत. साधी शेवंती नव्हे, उशिरा फुलणारी. बाहेरच्या बागांतली फुलं संपून जातात, झाडं काटक्या होऊन उभी राहतात, तेव्हा हिला कुठे जाग येते. उन्हाळाभर कुंड्या बाहेर असत. बाबा शेंडे खुडत, काठ्या बांधत, आणि हवा गार व्हायला लागली की एकेक कुंडी लेकरासारखी पोटाशी धरून आत आणत.

आता मी का जन्मलो ते सांगतो. ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एका वर्षी गल्लीत नवा दिवा आला. नेमका काचघरासमोर. सगळी गल्ली खूश झाली. बाबाही म्हणाले, "चला, आता कुलूप चाचपायला नको." आणि त्या हिवाळ्यात शेवंती फुललीच नाही. झाडं हिरवीगार, उंच, धष्टपुष्ट, आणि शेंड्याला फक्त पानं. बाबांनी खत बदललं, माती बदलली, पाण्याची वेळ बदलली. झाडं आपली ढिम्म. फक्त एका कुंडीला फुलं आली, तीही अर्ध्याच बाजूला. त्या कुंडीच्या मागे, काचेच्या चौकटीतल्या खिळ्याला, बाबांचा जुना कोट कायमचा लटकलेला असे. आई त्या कुंडीपुढे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि मग खो खो हसत सुटली.

"अहो, इकडे या! तुमच्या कोटाला फुलं आलीत बघा!"

झालं असं होतं, की शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायचं. दिव्याच्या उजेडात तिला वाटत राहतं, अजून दिवसच मोठा आहे, कशाला घाई करा? कोटाच्या सावलीत जेवढ्या फांद्या होत्या तेवढ्यांनाच रात्र मिळाली होती. हे कळलं त्याच आठवड्यात आईनं फोटोवाल्याचं कापड आणलं. दुहेरी घालून, दुहेरी टाका मारून मला शिवलं, वर पितळी कड्या लावल्या आणि काचेच्या बाजूला दांडीवर अडकवलं. तिन्हीसांज झाली की मला ओढायचं, सकाळी सारायचं. माझं काम एवढंच. मी अंधार करायचो, मित्रांनो. दुसरे लोक दिवा लावून कौतुक करून घेतात, मी अंधार करून घेतलं.

आणि कौतुक झालंसुद्धा! गार, करड्या सकाळी मला बाजूला सारलं की गल्लीतून जाणारे लोक काचेला नाक लावून उभे राहत. शेजारची शिंपीण तर फुलं सोडून माझ्याकडेच बघे. "टाका बघ कसा सरळ आलाय," म्हणे, आणि आई उगाच पदर सारखा करी. मीही मनातल्या मनात फुगून जाई.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. एका साध्या पिवळ्या शेवंतीला एकच फांदी भलतीच फुलली. पाकळ्या आतून विटकरी, बाहेरून फिक्या सोनेरी, आणि सगळ्या आत वळलेल्या, मूठ झाकून ठेवावी तशा. बाबा म्हणाले, "ही चुकार फांदी आहे. खुडून टाकतो, नाहीतर झाड बिघडेल."

"खबरदार हात लावाल तर," आई म्हणाली. "चुकार तर चुकार. माझी आहे ती."

तिनं त्या फांदीचं वेगळं रोप केलं. दरवर्षी जुन्या बुडख्याचे फुटवे काढून नवी रोपं करायची, आणि त्या हिवाळ्यात फुलं पाहायची. असं करत करत ती जगवली. नाव पडलं ते पडलंच, चुकार. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. पहिलं फूल पूर्ण उमललं की बाबा आईला हाक मारत आणि दोघं पुढ्यात उभी राहून चहा पीत. बाबा एवढंच म्हणत, "खुडणार होतो मी हिला," आणि आई म्हणे, "होतातच तुम्ही तसे."

त्यांची एक मुलगी आहे. आता तिची चाळिशी उलटली, औषधांच्या दुकानात काम करते, नाकावर चष्मा आहे, पण घरात ती चिमीच. ती एवढीशी होती तेव्हा रोज संध्याकाळी आईच्या मागे मागे काचघरात येई. एकदा तिनं विचारलं, "आई, हा पडदा का गं ओढतेस?" आईच्या हातात एक ना दोन कामं. रात्र, उजेड, कळी हे सगळं त्या चिमुरडीला कुठे समजावत बसायचं? ती म्हणाली, "फुलांना पांघरूण घालते. उघडी राहिली तर गारठतील ना!" चिमीला ते इतकं आवडलं की रोज झोपायला जाताना ती काचघराच्या दारातून मला सांगे, "नीट पांघर हं त्यांना." मीही गोड मानून घेतलं. लहान मुलांना सांगायची गोष्ट ती. पुढे केव्हातरी खरं सांगता येईल असं आईला वाटलं असणार. पुढे ते राहूनच गेलं.

एका उन्हाळ्यात आई गेली. माझा टाका उसवला तर घालणारं कुणी उरलं नाही. बाबांनी एकदा दाभण घेऊन प्रयत्न केला, पण त्यांना ना टाका जमला, ना पुढे बसवलं. माझी घडी पडते तिथे मी विरायला लागलो. कुंड्या कमी झाल्या, बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले. एकच गोष्ट चुकली नाही, ती म्हणजे चुकार. तिचे फुटवे बाबा दरवर्षी स्वतःच्या हातांनी लावत, आणि हिवाळ्यात पहिलं फूल आलं की एकटेच पुढ्यात उभे राहून चहा पीत. दोन कप घेऊन येत. दुसरा तसाच गार होई.

मग त्यांचे डोळे बिघडले. कडेकडेनं दिसेनासं झालं, आणि संध्याकाळ झाली की काहीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही जाईल. हा हिवाळा निघेल, फार तर. चिमी घरी येऊन रडली. बाबा मात्र काचघरात आले, चुकारच्या कोवळ्या रोपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिवाळा पुरे आहे मला. एकदा हिला डोळे भरून पाहतो, मग जाऊ देत."

मित्रांनो, मी ऐकलं ते. मनात म्हटलं, बाबा, माझ्यात जेवढा अंधार उरलाय तेवढा सगळा तुमच्या चुकारला देतो. विरलो तर विरलो.

पण माझ्या नशिबात ते नव्हतं.

संध्याकाळी बाबा एकदा पायरी चुकून पडता पडता वाचले. त्या दिवसापासून चिमीनं त्यांना दिवस मावळल्यावर काचघरात यायला बंदी केली. "पडदा मी ओढत जाईन. तुम्ही खुर्चीत बसा." लेक गुणाची हो. तिच्यात खोट काढायला जागा नाही, हाच तर सगळा घात आहे. कुंड्या आत आल्या तेव्हा तिनं मला धुवायला काढलं आणि तिच्या हातात मी टर्रकन फाटलो. मधोमध. ती घाबरली. आईच्या हातचा पडदा फाटला हे बाबांना कळलं तर काय वाटेल, या विचारानं तिनं ओठ घट्ट मिटले. दुसऱ्याच दिवशी तिनं नवा पडदा आणला. जाडजूड प्लॅस्टिकचा, दुहेरी, मध्ये हवा भरलेला, वाऱ्याचा कण आत येऊ न देणारा. आणि काचेसारखा पारदर्शक.

तिनं माझ्या पितळी कड्या काढून त्याला लावल्या. मला कोपऱ्यात मातीच्या पोत्यावर घातलं.

"बाबा, पडदा धुवून लावला हं," तिनं सांगितलं. पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून बाबांनी विचारलं, "ओढलास का?" चिमीनं पडदा ओढला. दांडीवर कड्या वाजल्या, अगदी माझ्याच आवाजात. बाबा निश्चिंत झाले. आणि गल्लीतला दिवा लागला, तो प्लॅस्टिकमधून थेट चुकारच्या अंगावर आला.

मी ओरडलो असतो. पण पडदे ओरडत नाहीत. मी पोत्यावर पडून रोज संध्याकाळी तेच पाहत राहिलो. कड्या वाजायच्या, दिवा लागायचा, आणि झाडं सगळी रात्र टक्क जागी असायची. चिमी जाता जाता चुकारला म्हणायची, "आता कशी ऊब आहे की नाही?"

कळ्या खुडायचे दिवस आले. मोठं फूल हवं असेल तर फांदीच्या टोकाला एकच कळी ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या बारक्या कळ्या नखानं काढायच्या. हे काम बाबा डोळ्यांपेक्षा बोटांनीच करत. ते सकाळी आले तेव्हा पडदा कडेला सारलेला होता, आणि कडेचं त्यांना दिसत नसे; त्यांनी चुकारची फांदी धरली, टोकाशी बोटं नेली. पानं. दुसरी फांदी. पानं. ते पुन्हा पहिल्या फांदीकडे आले.

"चिमे, पडदा रोज ओढतेस ना गं?"

"एक दिवस चुकले नाही, बाबा. तुम्हाला आवाज येतो की."

"येतो खरा."

आवाज येत होता, म्हणून पडद्यावरचा संशय फिटला. मग त्यांनी स्वतःवर घेतला. मातीच चुकली असेल. शेंडा उशिरा खुडला असेल. पुढे पुढे तर त्यांना वाटू लागलं, कळ्या असतील, आपल्यालाच लागत नाहीत. एकदा स्वतःची बोटं डोळ्यांजवळ नेऊन ते म्हणाले, "डोळे गेले ते गेले, आता तुम्हीही चाललात का रे?" आयुष्यभर मातीत राबलेला माणूस, मित्रांनो, आपल्या बोटांवरचा विश्वास उडाल्यावर कसा दिसतो ते मी पाहिलंय. तुम्हाला पाहायला लागू नये.

थंडी वाढली. त्यांच्या नजरेचं वर्तुळ आकसत चाललं. ते रोज येत, फांद्या चाचपत, आणि परत जात.

एका संध्याकाळी चिमी पडदा ओढून पुन्हा दुकानात गेली. तिथलं कुणीतरी रजेवर होतं. घरात बाबा एकटे. बंदी मोडून ते भिंत धरत धरत काचघरात आले. कशाला? काही कामाला नाही. चुकारपाशी नुसतं बसायला आले असावेत. दारात पाय ठेवला आणि ते थांबले.

"दिसतंय," ते म्हणाले.

समोर पिवळसर गोळा होता. त्यांनी हात वर करून डोळ्यांसमोर हलवला, बोटांची सावली इकडून तिकडे गेली. संध्याकाळच्या वेळी! ज्यांना संध्याकाळी काही म्हणजे काही दिसत नव्हतं, त्यांना! बाबा हसले. आई गेल्यापासून असे हसले नव्हते. "अगं, मला दिसतंय! ऐकलंस का, मला दिसतंय गं!" घरात कोणी नव्हतं. ती हाक आईलाच होती.

आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला.

मला दिसतंय, तर झाडांनाही दिसतंय. हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. ते दिव्याच्या रोखानं दोन पावलं गेले, हात पुढे केला. बोटं गुळगुळीत, गार प्लॅस्टिकला लागली. वर चाचपलं, कड्या लागल्या. "अरे देवा," एवढंच म्हणून ते पालथ्या कुंडीवर बसले. मग हळूहळू कोपरे चाचपू लागले. पोत्यावर मी सापडलो. माझी कड त्यांनी दोन बोटांत धरून आईचा दुहेरी टाका शेवटपर्यंत तपासला, मला मांडीवर घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. मी ओला झालो. माझ्यातून उजेड जात नसे, पण पाणी झिरपतं.

तेवढ्यात चिमी आली. "बाबा! अंधारात काय करत बसलाय इथे?"

"अंधार कुठाय?" बाबा म्हणाले.

तिला वाटलं, म्हातारा माणूस बोलतोय काहीतरी. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि ती ओशाळली. "रागावलात? फार फाटला होता हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पण हा बघा तरी, किती जाड आहे! आई म्हणायची ना, उघडी राहिली तर गारठतील. तुमची चुकार या वर्षी फुलायलाच हवी, बाबा. म्हणून सगळं गाव पालथं घालून चांगल्यातला चांगला आणला."

बाबांचे ओठ हलले. बोला बाबा, मी मनात म्हणत होतो, बोला एकदाचं! पण ते तिच्या आवाजाच्या दिशेला बघत राहिले. तिनं बापाला शेवटचं जे पाहायचं होतं तेच त्याच्यापासून हिरावलं, आणि तेही त्याच्याच मायेपोटी, हे तिला कसं सांगायचं? जन्मभर तिला ते पुरलं असतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "छान ऊब आहे. फक्त हा जुनाही लाव. याच्या आतून. दोन पांघरुणं बरी."

चिमीनं मला जाड्याभरड्या टाक्यांनी शिवलं आणि परत दांडीवर चढवलं. चुकारला रात्र मिळाली. हिवाळा सरता सरता तिनं कळ्या धरल्या. बारीक, पण धरल्या. चिमी टाळ्या पिटत आली. "बघा बाबा, थंडीच वाजत होती तिला! दुसरं पांघरूण घातलं आणि आल्या की नाही कळ्या?" बाबा म्हणाले, "आल्या खऱ्या."

पहिलं फूल उमललं त्या सकाळी बाहेर ऊन तापू लागलं होतं. बाबांच्या डोळ्यांत तोवर उजेडाचा ठिपकाही उरला नव्हता. चिमीनं त्यांना पुढ्यात उभं केलं, दोन कप चहा आणला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पाहा ना, बाबा..." लगेच तिनं जीभ चावली. मग ती सांगायला लागली, "लाल आहे. म्हणजे तसा लाल नाही. विटेसारखा. आणि बाहेरून... बाहेरून काय म्हणायचं याला?"

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी फुलाला बोट लावलं, मूठ झाकल्यासारख्या त्या पाकळ्यांवरून फिरवलं. "खुडणार होतो मी हिला," ते म्हणाले. त्यावरचं उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

चिमीनं डोळे पुसले आणि मला हातात घेऊन पाहिलं. "बाबा, हा आता अगदीच विरलाय. पुढच्या वर्षी याची घडी घालून कपाटात ठेवते. आईची आठवण आहे, आणखी खराब नको व्हायला. झाडांना मी तसले नवे दोन आणीन."

"अगं..." बाबा म्हणाले.

"काय बाबा?"

बाबांनी चाचपत आपला कप हातात घेतला.

"काही नाही. चहा गार झाला."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, मित्रांनो. अजून मी दांडीवर आहे, पण घडीत मी इतका झिरझिरीत झालोय की दिव्याचे ठिपके आत पडतात. बाबा थकलेत. ते सांगतील असं मला आता वाटत नाही. ते गेले की चिमी मला जपून कपाटात ठेवेल, झाडांना ऊबदार, लख्ख पडदे लावेल, आणि चुकार हिरवीगार होऊन, एकही कळी न धरता, वाट पाहत राहील. एक दिवस चिमी कंटाळेल. आईचं फूल जगातून जाईल, आणि का गेलं ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. तुमच्या घरातली जुनी वस्तू बदलण्याआधी एकदा विचारा, ही कशासाठी होती? लहानपणी ऐकलेल्या गोष्टीवर जाऊ नका, ज्याला माहीत आहे त्याला विचारा, तो आहे तोवर विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी कधी अशा एखाद्या गल्लीतून गेलात, काचघरासमोर दिवा दिसला, आत चष्मा लावलेली एक बाई कुंड्यांशी बोलताना दिसली, तर जरा थांबा. तिला सांगा, बाई, काळा पडदा लावा, जाड, नवा, पण काळाच. शेवंतीला अंधार लागतो.

एवढंच सांगा. त्या हिवाळ्याचं मात्र तिला काही विचारू नका.